जिवंत स्नायूला मापात बसवणारा गणिती

विहिरीत रिकामी बादली सोडून दोर ओढला तर तो झरझर हातात येतो. तीच बादली काठोकाठ भरली की दोर सावकाश सरकू लागतो. हा अनुभव आपल्यापैकी प्रत्येकाच्या गाठीशी आहे. मात्र ओझे वाढले की स्नायूचा वेग नेमका किती घटतो, का घटतो आणि हे घटणे एखाद्या सूत्रात मांडता येईल काय, हे प्रश्न विसाव्या शतकाच्या प्रारंभापर्यंत अनुत्तरित होते. लोखंडाची तार किंवा लाकडी तुळई यांच्यावर भार टाकून त्यांचे गुणधर्म मोजण्याचे शास्त्र तोवर चांगलेच विकसित झाले होते. परंतु स्नायू हा मऊ, ओला आणि जिवंत पदार्थ. ताणला तर ताणतो, उद्दीपित केला तर स्वतःच आखडतो, आणि हे करताना उष्णताही बाहेर टाकतो. अशा पदार्थाला मोजपट्टी लावणार कशी?

या प्रश्नामागे आयुष्याची पन्नासहून अधिक वर्षे खर्च करणाऱ्या शास्त्रज्ञाचे नाव आर्चिबाल्ड व्हिव्हियन हिल. १९२२ च्या नोबेल पुरस्काराचे ते मानकरी. स्नायूंच्या यंत्रशास्त्राची चर्चा आजही त्यांच्या नावाच्या समीकरणापासून सुरू होते. तरीही त्यांच्या चरित्रातील सर्वांत विलक्षण भाग पुरस्काराचा नाही. आपल्याच मोजमापांनी आपलेच सिद्धान्त खोटे ठरवले, तर माणसाने काय करावे, या प्रश्नाला त्यांनी कृतीने दिलेले उत्तर हा तो भाग होय.

गणिताकडून शरीरशास्त्राकडे

हिल यांचा जन्म २६ सप्टेंबर १८८६ रोजी इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे झाला. वडील इमारती लाकडाचे व्यापारी होते. मात्र मुले लहान असतानाच त्यांनी घर सोडले. आर्चिबाल्ड आणि त्यांची बहीण म्युरियल यांना आईनेच वाढवले. पहिले नाव त्यांना आवडत नसे, त्यामुळे आयुष्यभर ते ए. व्ही. या आद्याक्षरांनीच ओळखले गेले. डेव्हन परगण्यातील टिव्हर्टनच्या ब्लंडेल्स शाळेतून शिष्यवृत्ती मिळवून ते केंब्रिजच्या ट्रिनिटी महाविद्यालयात गणित शिकण्यासाठी गेले. १९०७ मध्ये गणिताच्या प्रतिष्ठेच्या ट्रायपॉस परीक्षेत ते तिसरे आले.

एवढे यश मिळवलेला विद्यार्थी गणितातच राहणार, असे कोणालाही वाटले असते. हिल यांना मात्र शुद्ध गणितात मन रमत नाही हे कळून चुकले होते. त्यांचे मार्गदर्शक वॉल्टर मॉर्ले फ्लेचर हे स्वतः स्नायूंवर संशोधन करणारे शरीरशास्त्रज्ञ. त्यांच्या प्रोत्साहनाने हिल शरीरक्रियाशास्त्राकडे वळले आणि १९०९ मध्ये त्यांनी त्या विषयातही प्रथम श्रेणी मिळवली. विभागप्रमुख जॉन लँगली यांनी त्यांना आखडणाऱ्या स्नायूतील उष्णता मोजण्याचे काम सुचवले.

गणिताची बैठक असलेल्या तरुणाच्या हाती जीवशास्त्र आल्यावर काय घडते, याचे प्रत्यंतर लगेच आले. १९०९ मध्ये निकोटिन आणि क्युरारी यांचा स्नायूवर होणारा परिणाम त्यांनी सूत्रबद्ध केला, तर १९१० मध्ये रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायू कसा धरून ठेवते याचे समीकरण मांडले. औषधशास्त्राचे विद्यार्थी ते आजही हिल समीकरण म्हणून शिकतात. त्यावेळी हिल अवघे तेवीस वर्षांचे होते.

अंशाचा हजारावा भाग

स्नायूची उष्णता मोजायची म्हणजे काय करायचे, हे समजून घेतल्याशिवाय हिल यांच्या कामाचे मोल कळणार नाही. बेडकाच्या मांडीत सार्टोरियस नावाचा एक पातळ, पट्टीसारखा स्नायू असतो. शरीरातून काढल्यावरही योग्य क्षारद्रावणात तो बराच काळ जिवंत राहतो. त्याला विजेचा एक हलका झटका दिला की तो एकदाच आखडतो आणि पुन्हा सैल पडतो. या एका आखडण्यात त्याचे तापमान जेमतेम काही सहस्रांश अंशाने वाढते, तेही क्षणार्धात. पाऱ्याच्या तापमापकाला या बदलाची चाहूलही लागत नाही.

त्यासाठी थर्मोपाइल हे साधन वापरले जाई. दोन वेगवेगळ्या धातूंचे सांधे एकापुढे एक जोडून त्यावर स्नायू पसरून ठेवायचा. सांध्याचे तापमान किंचित वाढले की सूक्ष्म विद्युतप्रवाह निर्माण होतो आणि तो गॅल्व्हानोमीटरवर मोजता येतो. १९१०-११ च्या हिवाळ्यात हिल जर्मनीत गेले आणि तेथे ब्यूर्कर व पाशेन यांच्याकडून त्यांनी या उपकरणांतील बारकावे आत्मसात केले. पुढे विल्यम हार्ट्री या गणिती सहकाऱ्याबरोबर आणि डाउनिंग व पार्किन्सन या कुशल कारागीर-साहाय्यकांच्या मदतीने त्यांनी ही उपकरणे इतकी संवेदनशील केली की अंशाच्या दशलक्षांश भागांतील बदलही टिपता येऊ लागले. १९२६ मध्ये तर मज्जातंतूतून संदेश जाताना निर्माण होणारी अत्यल्प उष्णताही त्यांनी सहकाऱ्यांसह मोजली.

या मोजमापांतून एक महत्त्वाची बाब पुढे आली. स्नायू उष्णता दोन टप्प्यांत बाहेर टाकतो. पहिला टप्पा आखडताना आणि सैल पडताना; या टप्प्याला प्राणवायूची गरज लागत नाही. दुसरा टप्पा त्यानंतर कित्येक मिनिटे चालतो, त्याला मात्र प्राणवायू लागतो. स्नायू आधी खर्च करतो आणि नंतर हिशेब चुकता करतो, असाच याचा अर्थ. याच कार्यासाठी १९२२ चा वैद्यकशास्त्राचा नोबेल पुरस्कार हिल आणि जर्मन शास्त्रज्ञ ओट्टो मायरहॉफ यांना विभागून देण्यात आला. पुरस्काराची घोषणा प्रत्यक्षात १९२३ मध्ये झाली. पहिल्या महायुद्धात परस्परांविरुद्ध लढलेल्या दोन देशांच्या शास्त्रज्ञांनी हा सन्मान एकत्र स्वीकारावा, याला त्या काळात वेगळेच महत्त्व होते.

त्या महायुद्धात हिल यांनी स्वतः गणवेश चढवला होता. विमानविरोधी तोफांचा मारा अचूक व्हावा यासाठी त्यांनी तरुण गणितज्ञांचे एक पथक उभारले. राल्फ फाउलर, एडवर्ड मिल्न आणि डग्लस हार्ट्री ही पुढे नावारूपाला आलेली मंडळी त्यात होती. १९१८ मध्ये हिल रॉयल सोसायटीचे फेलो झाले. त्याच वर्षी निवडल्या गेलेल्या फेलोंमध्ये ट्रिनिटी महाविद्यालयातीलच श्रीनिवास रामानुजन हेही होते.

धावपट्टीवरचा प्राध्यापक

१९२० मध्ये हिल मँचेस्टर विद्यापीठात प्राध्यापक झाले आणि बेडकाच्या स्नायूतून मिळालेले ज्ञान माणसाला लागू पडते का, हे ते पाहू लागले. प्रयोगासाठी पहिला माणूस त्यांनी स्वतःच पुरवला. धावण्याची त्यांना मनस्वी आवड होती. पाठीवर हवेची पिशवी आणि तोंडाला नळी लावून ते हिरवळीवर गोल फेऱ्या मारत आणि उच्छ्वासाची हवा तपासून शरीराने किती प्राणवायू वापरला याचा हिशेब मांडत. हार्टली लप्टन आणि सी. एन. एच. लाँग हे त्यांचे या कामातील सहकारी. वेग कितीही वाढवला तरी प्राणवायूचा वापर एका मर्यादेपलीकडे जात नाही, आणि उरलेली गरज शरीर उधारीवर भागवते, ही कल्पना त्यातून पुढे आली. आज क्रीडापटूंच्या चाचण्यांत हटकून मोजली जाणारी प्राणवायू-क्षमता ही याच फेऱ्यांची देणगी आहे.

१९२३ मध्ये ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात आले. १९२५ मध्ये त्यांनी जागतिक विक्रमांचे आलेख काढून थकव्याचे विश्लेषण केले. १९२७ मध्ये अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात त्यांनी आणखी एक युक्ती योजली. धावपटूच्या अंगावर चुंबक बांधायचे आणि धावपट्टीच्या कडेने ठरावीक अंतरावर तारांची वेटोळी ठेवायची. धावपटू प्रत्येक वेटोळ्यापुढून जाताच तारेत वीज निर्माण होई आणि त्या क्षणाची नोंद होई. अशा रीतीने धावपटूचा वेग टप्प्याटप्प्याने मोजता आला.

सिद्धान्ताला पहिला धक्का

स्नायू भार उचलताना मंदावतो का, या मूळ प्रश्नाचे एक उत्तर हिल यांच्याकडे १९२२ मध्ये तयार होते. माणसाच्या दंडाच्या स्नायूंना एक जड चाक फिरवायला लावून त्यांनी निरनिराळ्या वेगांना होणारे काम मोजले होते. वेग वाढला की काम कमी भरत होते. यावरून त्यांनी असे अनुमान काढले की, उद्दीपित स्नायू हा ताणलेल्या स्प्रिंगसारखा असतो आणि ही स्प्रिंग जणू काकवीसारख्या घट्ट द्रवात बुडालेली असते. सावकाश आखडले तर ऊर्जा कामी येते, घाईने आखडले तर त्या घट्टपणाशी झगडण्यात वाया जाते. हे चित्र सुबक होते आणि अभियंत्यालाही सहज पटणारे होते.

याच प्रयोगशाळेत वॉलेस फेन हे तरुण अमेरिकी शास्त्रज्ञ काम करीत होते. स्नायू स्प्रिंगप्रमाणे असेल तर एकदा उद्दीपित झाल्यावर त्यातून बाहेर पडणारी एकूण ऊर्जा ठरलेली असायला हवी. भार उचलला काय किंवा न उचलला काय. फेन यांनी १९२३ आणि १९२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजमापांनी याच्या नेमके उलट दाखवले. आखडून भार उचलणारा स्नायू, जागच्या जागी ताण धरून ठेवणाऱ्या स्नायूपेक्षा अधिक ऊर्जा मोकळी करीत होता. जेवढे काम पडेल तेवढे इंधन स्नायू आयत्या वेळी वाढवून घेत होता. स्प्रिंगला हे जमत नाही.

हिल यांच्याच उपकरणांवर, त्यांच्याच छपराखाली त्यांच्या सिद्धान्ताचा पाया हलला होता. हा निष्कर्ष प्रसिद्ध होण्यात त्यांनी अडथळा आणला नाही. परंतु त्याचा पुरता अर्थ त्यांनी तात्काळ स्वीकारला असेही नाही. घट्ट द्रवाची कल्पना त्यांच्या लेखनात पुढेही अनेक वर्षे रेंगाळत राहिली. मोठ्या माणसांनाही आपले लाडके चित्र भिंतीवरून उतरवणे अवघड जाते, याचे हे उदाहरण म्हणावे लागेल.

दुसरा धक्का १९३० मध्ये डेन्मार्कहून आला. स्नायूला आखडण्याची शक्ती लॅक्टिक आम्लाच्या निर्मितीतून मिळते, अशी हिल आणि मायरहॉफ यांच्या काळातील सर्वमान्य समजूत होती. आयनार लुंड्सगार्ड यांनी विशिष्ट रसायन वापरून स्नायूतील लॅक्टिक आम्लाची निर्मितीच बंद केली. तरीही स्नायू काही काळ आखडतच राहिला. नोबेल पुरस्काराशी निगडित असलेला विचारच यामुळे डळमळीत झाला. या वेळी हिल यांनी वेळ दवडला नाही. १९३२ मध्ये त्यांनी या घडामोडीला स्नायुविज्ञानातील क्रांती असे संबोधणारा लेख लिहिला आणि जुनी समजूत मोडीत निघाल्याचे मान्य केले.

१९३८ चे समीकरण

अखेर १९३८ मध्ये हिल यांनी मूळ प्रश्न पुन्हा हाती घेतला. बेडकाचा स्नायू शून्य अंश तापमानाला ठेवला, सलग उद्दीपन देऊन तो पूर्ण ताणात आणला आणि मग वेगवेगळे भार देऊन त्याला आखडू दिले. पूर्वीपेक्षा जलद नोंद करणाऱ्या उपकरणांमुळे आखडतानाच निर्माण होणारी जादा उष्णता स्वतंत्रपणे मोजता आली. ही उष्णता स्नायू किती अंतर आखडला यावर अवलंबून असल्याचे दिसले. याच प्रयोगांतून भार आणि वेग यांचे नाते उलगडले. भारात एक स्थिर संख्या मिळवावी, वेगात दुसरी स्थिर संख्या मिळवावी; या दोन बेरजांचा गुणाकार कोणत्याही भाराला तोच राहतो. आलेखावर हे नाते आधी वेगाने उतरणाऱ्या आणि मग सपाट होत जाणाऱ्या वक्ररेषेच्या रूपात दिसते.

बादलीच्या प्रश्नाचे हे उत्तर होते. स्नायू मंदावतो तो आतील चिकट द्रवामुळे नव्हे. ऊर्जा मोकळी करण्याचा त्याचा वेगच भारानुसार बदलतो. या समीकरणातून आणखी एक उपयुक्त बाब निघते. स्नायूकडून सर्वाधिक शक्ती हवी असेल तर त्याला झेपेल त्या कमाल भाराच्या सुमारे एक तृतीयांश भार द्यावा. चढावर सायकलस्वार गिअर बदलतो तेव्हा नकळत याच नियमाचे पालन करीत असतो.

स्नायूला त्यांनी तीन भागांत कल्पिले. एक भाग स्वतः आखडणारा, दुसरा त्याला एकापुढे एक जोडलेला स्थितिस्थापक भाग, ज्यात कंडरा मोडतात, आणि तिसरा समांतर असलेला स्थितिस्थापक भाग, जो विश्रांत स्नायू ताणला असता प्रतिकार करतो. माणसाच्या चालण्याची संगणकीय प्रतिकृती तयार करणारे अभियंते आणि अस्थिरोगतज्ज्ञ आजही याच धर्तीची प्रतिमाने वापरतात.

निर्वासितांचा आधार

१९३३ मध्ये जर्मनीत हिटलर सत्तेवर आला आणि ज्यू प्राध्यापकांची हकालपट्टी सुरू झाली. अशा विद्वानांना इंग्लंडमध्ये आसरा मिळवून देण्यासाठी त्याच वर्षी स्थापन झालेल्या ॲकॅडेमिक असिस्टन्स कौन्सिलच्या संस्थापकांत हिल अग्रभागी होते. नाझींची बाजू घेणारे नोबेल विजेते योहानेस श्टार्क यांच्याशी त्यांचा जाहीर वादही गाजला. १९३५ मध्ये लायप्झिगहून आलेले बर्नार्ड कॅट्झ हे तरुण शास्त्रज्ञ हिल यांच्या प्रयोगशाळेत रुजू झाले. १९७० मध्ये त्यांनाही नोबेल पुरस्कार मिळाला. गुरूचे विस्तृत चरित्र पुढे रॉयल सोसायटीसाठी त्यांनीच लिहिले.

हिल यांच्या पत्नी मार्गारेट या अर्थतज्ज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांच्या भगिनी. १९१३ मध्ये त्यांचा विवाह झाला. वृद्धांच्या निवाऱ्यासाठी मार्गारेट यांनी लंडनमध्ये भरीव कार्य केले. या दांपत्याच्या चार अपत्यांपैकी पॉली हिल या नामवंत अर्थ-मानवशास्त्रज्ञ झाल्या आणि त्यांनी पुढे कर्नाटकातील खेड्यांचाही अभ्यास केला.

भारताशी जडलेला संबंध

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हिल केंब्रिज विद्यापीठाचे खासदार होते. रडारच्या विकासाला चालना देणाऱ्या टिझर्ड समितीवरही त्यांनी काम केले होते. १९४३ च्या अखेरीस ते भारत सरकारच्या निमंत्रणावरून येथे आले आणि काही महिने देशभर हिंडले. त्या वेळी बंगाल भीषण दुष्काळात होरपळत होता. लोकसंख्या, अन्न आणि आरोग्य हे प्रश्न सुटे सुटे हाताळता येणार नाहीत, हा विचार त्यांच्या अहवालात ठळकपणे आला. संशोधनाची देशव्यापी फेररचना आणि अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्सच्या तोडीचे एक अखिल भारतीय वैद्यकीय केंद्र, या त्यांच्या प्रमुख सूचना होत्या. १९४६ च्या भोर समितीनेही तशा संस्थेची शिफारस केली आणि १९५६ मध्ये दिल्लीची अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था अस्तित्वात आली. शांतिस्वरूप भटनागर, मेघनाद साहा आदी भारतीय शास्त्रज्ञांचे जे शिष्टमंडळ १९४४-४५ मध्ये इंग्लंड-अमेरिकेच्या दौऱ्यावर गेले, त्यामागेही हिल यांचाच पुढाकार होता.

स्वतःच्याच विरोधात साक्ष

हिल १९५१ मध्ये निवृत्त झाले, पण प्रयोगशाळा सुटली नाही. त्याआधी वर्षभरच त्यांनी जीवरसायनशास्त्रज्ञांना जाहीर आव्हान दिले होते. स्नायूचे इंधन एटीपी हे रसायन आहे असे सर्वजण म्हणत होते. मग जिवंत स्नायू एकदा आखडताना ते प्रत्यक्ष खर्च होते हे कोणीतरी दाखवून द्यावे, असा त्यांचा आग्रह होता. त्याचे खात्रीलायक उत्तर मिळण्यास १९६२ उजाडले. मधल्या काळात या एका प्रश्नाने अनेक प्रयोगशाळांना कामाला लावले होते.

आणि १९६४ मध्ये, वयाच्या सत्त्याहत्तराव्या-अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी स्वतःचाच १९३८ चा प्रयोग अधिक चांगल्या उपकरणांनिशी पुन्हा केला. त्या जुन्या निबंधाचे सारे सौंदर्य एका योगायोगात होते. उष्णतेच्या मापनातून मिळालेली स्थिर संख्या आणि भार-वेगाच्या मापनातून मिळालेली स्थिर संख्या एकच भरली होती. सव्वीस वर्षे पाठ्यपुस्तकांनी ही एकरूपता गौरवली. नव्या मापनात मात्र उष्णतेची संख्या स्थिर नसून भारानुसार बदलते, असे आढळले. हिल यांनी ते तसेच प्रसिद्ध केले. भार-वेगाचे समीकरण अबाधित राहिले. त्याचे सर्वांत मोहक स्पष्टीकरण त्याच्या जनकानेच मागे घेतले. फेन यांच्या वेळी जे मानायला वर्षे लागली, ते या खेपेस त्यांनी कोणी न सांगता केले.

१९७० मध्ये त्यांचे स्नायूंच्या यंत्रशास्त्रातील पहिल्या आणि अखेरच्या प्रयोगांविषयीचे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी मार्गारेट यांचे निधन झाले. ३ जून १९७७ रोजी केंब्रिज येथे, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, हिल यांची जीवनयात्रा संपली.

आज स्नायूच्या एकेका तंतूवर, इतकेच नव्हे तर एकेका रेणूवर भार टाकून त्याचे बळ मोजले जाते. लेझर किरण आणि संगणक यांनी थर्मोपाइलची जागा घेतली आहे. पण नव्या मापनाचा आलेख समोर आला की संशोधक त्यावर प्रथम १९३८ ची ती वक्ररेषा बसते का, हेच पाहतात. बसली नाही तरी बिघडत नाही. जे माप सांगेल ते मान्य करायचे, हा धडाही त्याच गणितज्ञाने घालून दिला आहे.